गर्भिणीचा रक्तदाब आणि त्याची परिचर्या : तुर्भे बेटाच्या निमित्ताने

मुंबईच्या पूर्व बाजूस, ठाण्याच्या खाडीलगत असलेल्या ट्रॉम्बेचे जुने मराठी नाव तुर्भे होय. इंग्रजी कागदपत्रांतून रूढ झालेले रूप पुढे मराठीतही स्थिरावले, आणि ‘तुर्भे’ म्हटले की आज बहुतेकांना खाडीपलीकडील, नव्या मुंबईतील तुर्भेच आठवते. एकेकाळी हे बेट होते. कोळीवाडा, मिठागरे आणि भातशेती एवढाच त्याचा संसार. १९५४ मध्ये येथे अणुऊर्जा संस्था स्थापन झाली, १९५४-५५ मध्ये तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, ऑगस्ट १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९६७ मध्ये संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, केंद्रालगतची जनता कॉलनी उठविण्यात आली आणि तेथील कुटुंबे चीता कॅम्प येथे नेऊन वसविण्यात आली. अशा रीतीने एका लहानशा भूभागावर तीन वस्त्या एकमेकींशेजारी आल्या : कोळ्यांचे मूळ गाव, अणुशक्तिनगरची आखीव वसाहत आणि विस्थापितांची दाट वस्ती.

प्रस्तुत निबंधाचा विषय या तिन्ही वस्त्यांतील गर्भवतीस समान असलेला एक धोका हा आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिन जाऊ लागणे, आणि शेवटी आकडी येऊन शुद्ध हरपणे, या अवस्थांच्या मालिकेस वैद्यकात निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे मिळाली. औषधांचा इतिहास बऱ्याच ठिकाणी लिहिला गेला आहे. रुग्णशय्येजवळ बसून जे करावे लागले त्याचा इतिहास मात्र औषधाच्या इतिहासाची तळटीप म्हणून येतो. वस्तुतः या विकारात परिचर्या हाच उपचाराचा गाभा राहिला आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम नावांचा विचार करणे इष्ट ठरेल. युरोपीय भाषांतील ‘एक्लॅम्प्सिया’ हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ ‘एकाएकी चमकून उठणे’ असा आहे. आकाश निरभ्र असता वीज चमकावी तशी आकडी येते, हा त्यातील भाव. मराठीत ग्रांथिक शब्द ‘गर्भाक्षेप’ असा करण्यात आला. व्यवहारात आकडी, झटके व फेफरे हे तीन शब्द चालतात, आणि त्यांतील तिसरा शब्द निरुपद्रवी नाही. फेफरे म्हणजे अपस्मार, म्हणजे जन्माचा विकार. गर्भाक्षेप मात्र प्रसूतीनंतर काही दिवसांत संपतो आणि सामान्यतः मागे आकडीचा विकार ठेवीत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाच्या वैधतेस बाधक अशी बाब म्हणून घालण्यात आली होती व ती १९९९ मध्ये वगळण्यात आली. मधल्या तेवीस वर्षांत एखाद्या बाळंतिणीच्या कागदावर ‘गर्भाक्षेप’ याऐवजी ‘फेफरे’ असे लिहिले जाणे किती महाग पडू शकले असते, याचा विचार कोशकारांनीही करावयास हरकत नाही. घरच्या मंडळींनी ‘बाहेरचे’ काही लागले असे म्हणून वेळ दवडणे ही तर त्याहून जुनी अडचण.

‘विषरक्तता’ या पारिभाषिक शब्दाची कथा निराळी आहे. गर्भापासून काहीतरी विष रक्तात मिसळते, या कल्पनेवर विसाव्या शतकाचा बराच काळ या विकाराचे इंग्रजी नाव आधारलेले होते. ते विष कोणास सापडले नाही. नाव मात्र पाठ्यपुस्तकांत अनेक दशके टिकले, आणि ‘विष बाहेर काढावयाचे’ म्हणून रेचके, घाम आणणारे उपाय, रक्तमोक्षण अशा उपचारांना त्याने आधार दिला. चुकीचे नाव चुकीच्या उपचारास किती दिवस पोसते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

बोलीतील प्रयोगही लक्षणीय आहे. “तिला बीपी आहे” असे वाक्य मुंबईच्या कोणत्याही चाळीत ऐकू येते. रक्तदाब प्रत्येकासच असतो. परंतु भाषेने तो ‘असणे’ म्हणजेच आजार असणे असा अर्थ घडविला. गंमत अशी की, गर्भवतीच्या बाबतीत नेमके उलट घडते. तिला काही त्रास नसतो, म्हणून तिला ‘बीपी आहे’ हे तिच्या घरी कोणास पटत नाही. डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात कळ येणे, ही लक्षणे दिसू लागली म्हणजे वेळ थोडा उरलेला असतो. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ हा मराठीचा रूढ वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा ठरतो, आणि त्या ग्रीक शब्दातील चमकण्याशी त्याचा काही संबंध नसताही अर्थाची गाठ पडते. तपासणीस आलेली स्त्री हे शब्द सहज बोलून जाते. ते ऐकणारी परिचारिका त्याकडे अलंकार म्हणून पाहते की लक्षण म्हणून, यावर पुष्कळ अवलंबून असते.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा तेथे आहे. परिचर्येस चिकित्सेचा चौथा हिस्सा मानणारी ही परंपरा असूनही, प्रत्यक्षात बाळंतपण सुइणीच्या हाती आणि सुईण समाजाच्या तळाशी, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. पदवीसाठी प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. १८८३ मध्ये मुंबईस आलेल्या डॉ. एडिथ पेची यांनी तेथे परिचारिकांच्या शिक्षणास आरंभ केला. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने, विशेषतः विधवांना, शुश्रूषा व सूतिकाकर्म यांचे शिक्षण मिळवून दिले, आणि मराठी बोलणारी, शिकलेली परिचारिका प्रसूतिगृहात दिसू लागली. ज्या घरांत सुईणीस ओसरीच्या आत येऊ देत नसत, त्याच घरांतील मुलींनी हे काम पत्करले, ही क्रांती मानावयास हवी. तिची नोंद मात्र समाजसुधारणेच्या इतिहासात होते, वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच.

परंतु या पहिल्या पिढीच्या हाती रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते. १८४३ मध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी आकडी येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत अल्ब्युमिन असल्याचे दाखविले. लघवी तापवून ती गढूळ होते की नाही हे पाहणे, ही परीक्षा म्हणून परिचारिकेच्या हाती प्रथम आली. रक्तदाबाचा पट्टा १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी तयार केला. लगेच पुढच्या वर्षी पॅरिस येथील व्हाके व नोबेकूर यांनी गर्भाक्षेपात दाब वाढलेला असतो असे नमूद केले. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील कोरोत्कोव्ह यांनी दंडाखालील धमनीवर नळी लावून ऐकू येणारे ध्वनी वर्णिले. तेव्हापासून रक्तदाब ही दोन आकड्यांनी लिहावयाची गोष्ट झाली.

त्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये, साधारण त्याच काळात, स्त्रोगानोव्ह हे गर्भाक्षेपाची एक उपचारपद्धती चालवीत होते आणि ती जगभर पसरली. अंधारी व निःशब्द खोली, ठराविक तासांना मॉर्फिन व क्लोरल, आणि रुग्णास शक्य तितके कमी हलविणे, हे तिचे सूत्र. भारतातील मोठ्या रुग्णालयांत गर्भाक्षेपासाठी वेगळी खोली राखण्याची जी प्रथा पडली, तिच्यामागे हीच विचारसरणी होती. त्या खोलीत परिचारिका कशी काम करीत असेल, हे पुस्तकांतील सूचनांवरून सहज कळते : रुग्णास कुशीवर ठेवावयाचे, तोंडातील लाळ पुसावयाची, जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत गुंडाळलेली पट्टी धरावयाची, पलंगाला कठडे लावावयाचे, आणि अंधारात श्वास मोजीत बसावयाचे. यांपैकी कुशीवर ठेवणे आजही योग्य मानले जाते. दातांत वस्तू घालणे निषिद्ध ठरले आहे, कारण त्याने दात तुटतात आणि श्वास अडतो. काळोखाचा आग्रहही गेला, कारण ओठ निळे पडले तर ते दिसावयास उजेड लागतो. एवढी साधी गोष्ट ध्यानात येण्यास अर्धशतक लागावे, हे आश्चर्यकारक नव्हे. दंडकाचा भाग बनलेली कृती तपासून पाहण्याचा अधिकार तिला अमलात आणणाऱ्या व्यक्तीस नव्हता.

मुंबईत या काळात दोन प्रकारचे काम चालले होते. १९२६ मध्ये परळ येथे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी १९२२ मध्ये डॉ. बार्न्स यांनी व १९३० मध्ये डॉ. मार्गारेट बालफोर आणि डॉ. तळपदे यांनी केली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभ कायदा झाला. दुसऱ्या बाजूस डॉ. जेरुशा झिराड यांचे कार्य होते. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजातील या विदुषी १९२८ ते १९४७ पर्यंत कामा रुग्णालयात प्रमुखपदी होत्या. भारतीय संशोधन निधी संस्थेच्या वतीने १९३७-३८ मध्ये त्यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंची नुसती मोजदाद करण्यापलीकडे जाऊन, हा मृत्यू टळला असता काय, असे प्रत्येक प्रकरणी विचारण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिच्या आरंभीच्या भारतीय प्रयत्नांत या चौकशीची गणना करावी लागेल. १९४६ च्या भोर समितीने देशातील मातामृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस, म्हणजे वर्षास सुमारे दोन लाख मृत्यू, असे धरले होते. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार हे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ व महाराष्ट्रात ३३ इतके होते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांवर जसजसा ताबा येतो, तसतसे उरलेल्या मृत्यूंत रक्तदाबाचे स्थान अधिक ठळक होत जाते. कारण येथे एकदाच करावयाचा उपाय नाही. पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

औषधांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन धारा दिसतात. मद्रास येथील डॉ. कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन व पेथिडिन यांचे मिश्रण वापरून जी पद्धती बसविली, ती १९६१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केली आणि ती भारतभर दीर्घकाळ चालली. अमेरिकेत मॅग्नेशियम सल्फेट १९२० च्या दशकापासून वापरात होते. डॅलस येथील प्रिचर्ड यांनी त्याची मात्रा बांधून दिली व १९८४ मध्ये २४५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तीत एकच माता दगावली होती. तरीही जगाच्या मोठ्या भागात डायझेपाम व फेनिटोइन यांनाच पसंती होती. हा वाद १९९५ मध्ये भारतासह नऊ देशांतील १,६८७ स्त्रियांवर झालेल्या सामुदायिक चाचणीने मिटविला. आकडी पुन्हा येण्याचे प्रमाण मॅग्नेशियमने डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी व फेनिटोइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी झाले. २००२ मध्ये ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीने, आकडी येण्यापूर्वी दिलेले हेच औषध तिची शक्यता निम्म्याहून अधिक घटविते, हेही दाखविले.

येथे इतिहासकार सहसा थांबतात. प्रिचर्ड यांची पद्धती बारकाईने पाहिली तर तिचा मोठा भाग परिचर्येचाच आहे असे आढळते. आरंभी शिरेतून चार ग्रॅम व दोन्ही नितंबांत मिळून दहा ग्रॅम, पुढे दर चार तासांनी एका बाजूस पाच ग्रॅम. हे प्रसूतीनंतर अथवा शेवटच्या आकडीनंतर चोवीस तासांपर्यंत. परंतु प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत : गुडघ्याखाली टिचकी मारली असता पाय उडतो काय, श्वास मिनिटास सोळाहून कमी झालेला नाही ना, आणि मागील चार तासांत तासाला किमान तीस मिलिलिटर लघवी झाली आहे काय. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. लघवी मंदावली की ते रक्तात साठते. प्रथम गुडघ्याचे प्रतिक्षेप जातात, मग श्वास थांबतो. या दोहोंमधील अवकाश हीच परिचारिकेची वेळ. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी तयार ठेवावयाचे असते. या तीन निरीक्षणांवाचून औषध घातक आहे. निरीक्षणे नीट झाली तर ते साध्या ग्रामीण रुग्णालयातही सुरक्षित आहे. आकडी थांबविण्याचे श्रेय रसायनास अवश्य द्यावे. रसायनाने जीव न घेण्याचे श्रेय मात्र रात्रपाळीत गुडघ्यावर टिचक्या मारणाऱ्या व्यक्तीचे आहे. भारत सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शिकेने, रुग्णास पुढे पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियमची पहिली मात्रा स्नायूंतून देण्याची मुभा सहायक परिचारिकेस दिली, ती या इतिहासातील महत्त्वाची पायरी होय.

मोजण्याच्या कृतीतही दिसते त्याहून अधिक गुंतागुंत आहे. वीस आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतराने दोन वेळा १४०/९० वा अधिक हा आकडा मिळाला तर रक्तदाब वाढला असे मानतात. १६०/११० ही तातडीची मर्यादा. परंतु खालचा आकडा ध्वनी मंदावताच घ्यावयाचा की पूर्ण थांबल्यावर, यावर कित्येक दशके मतभेद होते, आणि गर्भवतीच्या बाबतीत पूर्वी पहिलीच रीत रूढ होती. आता ध्वनी पूर्ण थांबण्याचा क्षण धरतात. म्हणजे एकाच स्त्रीचा, एकाच घटकेचा दाब दोन परिचारिका वेगवेगळा लिहू शकत होत्या, आणि दोघीही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर ठरत होत्या. दंडाला अपुरा पडणारा पट्टा आकडा फुगवितो; हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत राहिला तरी तेच होते. पूर्वी मिठाचे पथ्य व सक्तीची विश्रांती हे दोन उपाय परिचर्येचा आधार समजले जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या शिफारशींत हे दोन्ही सरसकट सांगू नयेत असे आहे.

आता पुन्हा तुर्भ्याकडे वळता येईल. अणुऊर्जा विभागाच्या अंशदायी आरोग्यसेवा योजनेत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी दवाखाने व अणुशक्तिनगरचे रुग्णालय अशी साखळी आहे. तेथील गर्भवतीचा दुसऱ्या महिन्यातील दाब व आठव्या महिन्यातील दाब एकाच व्यवस्थेच्या नोंदीत सापडतो. चीता कॅम्प, मानखुर्द व गोवंडी ही वस्ती महापालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडते, आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत खाली होता. तेथील स्त्री महापालिकेच्या प्रसूतिगृहात नाव नोंदविते, अवघड वाटल्यास गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात आणि त्याहून अवघड वाटल्यास शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पाठविली जाते. एकामागून एक तीन दारे, आणि प्रत्येक दारी नवा कागद. तिच्या आठव्या महिन्यातील १३६/८६ हा आकडा एकटा पाहिला तर निरुपद्रवी आहे. तिसऱ्या महिन्यात तो १००/६० होता हे ठाऊक असेल तर तोच आकडा सावध करतो. दोन वस्त्यांमधील अंतर येथे औषधापेक्षा नोंदीच्या सातत्यात अधिक आहे.

यात मराठी समाजाच्या एका प्रथेची भर पडते. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज वर्गभेद पाळीत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे नेमक्या ज्या काळात हा विकार डोके वर काढतो त्याच काळात, स्त्री आपली नोंद मागे ठेवून कोकणात किंवा देशावर जाते. माहेरचे माणूस, आईचे हात आणि ओळखीची भाषा यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रथा मोडा असे सांगणारी परिचारिका पुढील खेपेस ऐकली जात नाही. कार्ड बरोबर बांधून देणे, त्यावरील आकडे तिला स्वतःला वाचून दाखविणे, एवढे मात्र शक्य असते. 

महाराष्ट्रात झालेले अलीकडील संशोधनही परिचर्येकडेच बोट दाखविते. २०१५ ते २०१७ या काळात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व डागा स्मृती स्त्री रुग्णालयात, तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गर्भवतींवर तोंडाने द्यावयाच्या तीन औषधांची तुलना झाली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा तासांत दाब आटोक्यात येऊन काही अपाय न होण्याचे प्रमाण निफेडिपिनने ८४, लॅबेटालोलने ७७ व मेथिलडोपाने ७६ टक्के आढळले. शिरेतून औषध द्यावयाचे तर सतत पहारा लागतो. जेथे एका परिचारिकेकडे अनेक खाटा आहेत तेथे गोळीचा हा पर्याय किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको. सीमाभागातील बेळगावी व शेजारच्या बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ पर्यंत दुसरा प्रयोग झाला. आशा व सहायक परिचारिकांनी घरोघर जाऊन दाब मोजावयाचा, हातातील यंत्रावर धोक्याचा अंदाज घ्यावयाचा, गरज पडल्यास मेथिलडोपा व मॅग्नेशियम देऊन पुढे पाठवावयाचे, अशी योजना होती. एकूण परिणामांत फरक पडला नाही. तथापि पाकिस्तान व मोझांबिक येथील अशाच प्रयोगांसह एकत्र पाहता, ज्या स्त्रियांची आठ वा अधिक वेळा भेट झाली त्यांच्यात अनिष्ट परिणाम कमी दिसले. यंत्र दिले म्हणजे भेट झाली असे होत नाही.

प्रसूती झाली की धोका संपला, ही समजूत सर्वांत चिवट आहे. बाळंतपणानंतर दाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान पुन्हा चढतो, आणि काही स्त्रियांना पहिली आकडी याच काळात येते. तोपर्यंत सामान्य प्रसूतीनंतरची स्त्री घरी गेलेली असते. घरी कानाला रुमाल बांधलेली बाळंतीण डोके दुखते म्हणाली, तर वारा बाधला असे म्हणून शेक दिला जातो. याच दिवसांत पाचवी-सहावी येते; सटवाई बाळाचे भाग्य लिहावयास येते म्हणून रात्री घर जागे असते. या जागरणामागे जुन्या काळच्या मृत्यूंची आठवण आहे काय, हे सिद्ध करता येणार नाही. ब्रिटन व अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, दाब वाढलेल्या स्त्रीची तपासणी तिसऱ्या ते दहाव्या दिवसांदरम्यान पुन्हा व्हावयास हवी. चीता कॅम्पच्या गल्लीत जाणाऱ्या परिचारिकेस त्या आठवड्यात बाळाचे वजन विचारले जाते; बाळंतिणीच्या दंडाला पट्टा बांधावयास ती थांबली, तर घरातील वडीलधारी बाई आश्चर्याने विचारते, “आता आणखी कशाला?”